कणाकणातला जुना किनारा

लासलगावच्या मार्केटमधला कांदा न्हावाशेवा बंदरात जहाजावर चढतो आणि आखाताकडे निघतो. ते जहाज सुरुवातीला ज्या उथळ समुद्रावरून जातं, तो सुमारे २०,००० वर्षांपूर्वी बहुतांशी कोरडी जमीन होता. हिमयुगात पाणी बर्फात अडकल्याने जगभर समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. परशुरामाने समुद्र हटवून कोकण मिळवलं म्हणतात. तळाचा पुरावा उलट आहे, समुद्रानेच जमीन घेतली. मुंबईसमोर ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचं सपाट पठार आहे. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. तिथल्या तळावर ऊलाइट नावाचे बारीक गोल कण सापडतात. एखादा कण कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मधल्या बारीकशा तुकड्याभोवती चुन्याचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे बसलेले दिसतात. असा कण घडायला उबदार, खळाळतं आणि जेमतेम काही मीटर खोल पाणी लागतं. आज त्याच्या डोक्यावर ऐंशी-नव्वद मीटर पाणी आहे.

यावर कोणी म्हणेल, हे कण उथळ पाण्यातून प्रवाहाने तिथे वाहून गेले असतील. सुटे कण जातीलही, पण तिथे याच कणांचा घट्ट चुनखडक आहे. तो आजही उघडा दिसतो, कारण नद्यांचा गाळ किनाऱ्यालगतच बसतो, इतक्या लांब फारसा पोचत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाणी चढलंच नाही, जमीन खचली. मुंबईत १८८० साली खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात खैराची बुडालेली झाडं निघाली, तिथे ही शंका रास्त आहे. म्हणून ती झाडं मी पुराव्यात धरत नाही. पण दूरच्या बार्बाडोसमधली बुडालेली प्रवाळंही हिमयुगातला समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली दाखवतात. दोन्हीकडची जमीन इतकी सारखी खचली, हे पटत नाही. याच कणांवरून काढलेल्या पावसाच्या अंदाजाचा मुद्दा मात्र वेगळा. ऊलाइटला नितळ पाणी लागतं. तेव्हा किनाराच तिथे असूनही नर्मदा-तापीने पाणी गढूळ केलं नाही, यावरून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या नायर आणि हाशिमी यांनी १९८० मध्ये तो काळ कोरडा असल्याचं अनुमान मांडलं. अरबी समुद्रातल्या इतर नोंदी मात्र त्याच सुमारास, साधारण दहा-नऊ हजार वर्षांपूर्वी, मोसमी पाऊस जोरात असल्याचं दाखवतात. त्यामुळे पाण्याच्या पातळीबाबत मी ऊलाइटचं ऐकेन, पावसाबाबत लगेच नाही.