फिलाडेल्फिया : घंटेपासून आनंदीबाईंपर्यंत

भारतातून आईवडील आले की आपण सगळेच त्यांना फिलाडेल्फियाला नेतो. एडिसनहून टर्नपाईकने तास-दीड तास; घंटा पाहायची, फोटो काढायचा, परत. यंदा आम्ही चार कुटुंबांनी, लहानथोर मिळून सतरा जणांनी, या सहलीला आणखी एक ठिकाण जोडले. सभासदांनीही ते जोडावे, म्हणून हे लिहीत आहोत.

सकाळ नेहमीचीच. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि १७८७ मध्ये राज्यघटनेवर सह्या झाल्या, त्या इंडिपेंडन्स हॉलमधल्या एकाच दालनात. लिबर्टी बेल १७५२ साली लंडनहून आली आणि वाजवून पाहतानाच तडकली. मग इथल्या पास आणि स्टो या कारागिरांनी ती पुन्हा ओतली. आज दिसते ती भेग नंतरची. बेंजामिन फ्रँकलिनच्या थडग्यावर लोक पेनी टाकतात. आमच्यातल्या आजींना हे सांगावे लागले नाही. नदीच्या पुलावरून नाणे टाकणारा हात तो!

पोळीभाजीचे डबे संपवून आम्ही गिरार्ड कॉलेजच्या दगडी भिंतीजवळ गेलो. याच भागात, नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर, आनंदीबाई जोशी शिकल्या ते विमेन्स मेडिकल कॉलेज होते. १९३० साली ते ईस्ट फॉल्स भागात हलले. तेव्हा पाहण्यासारखे काही नाही, हे आधीच सांगतो. पण ही भिंत त्यांच्या आधीची आहे. त्यांनी ती रोज पाहिली असणार.

१८८३ साली, अठराव्या वर्षी, त्या अमेरिकेत आल्या. पहिले काही महिने त्यांनी रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी काढले. रोझेल म्हणजे आपल्या एडिसनपासून अर्ध्या तासावर! ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. एका काकूंनी १८८५ चा प्रसिद्ध फोटो छापून आणला होता : साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. मुलांमध्ये तो हातोहात फिरला. "एवढ्या थंडीत साडी कशी निभावली असेल पोरीने?" आजी म्हणाल्या. आठवड्यापूर्वीच त्यांच्यासाठी स्वेटर घ्यावा लागला होता.

मग आमच्यातल्या दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "तिने किती लोकांना बरं केलं?"

कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण त्या परतल्या त्याच आजारी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. हे सांगताना आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे पाहत राहिलो. मुलगी गप्प झाली. तिने फोटो परत दिला नाही.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि पोकिप्सीच्या स्मशानभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या आहेत. एडिसनहून दोन तासांचा रस्ता. पुढची सहल तिकडेच. आजींचे परतीचे तिकीट ऑक्टोबरचे आहे, तेव्हा येणाऱ्यांनी नावे लवकर द्यावीत.