खोली लालबागला, सही मसुऱ्यात

सकाळी साडेसहा

आंगणेवाडीची जत्रा काल संपली. भराडीदेवीच्या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल मिळाला की तारीख जाहीर होते, आणि त्या दिवसापासून मुंबईत रेल्वेच्या तिकिटांवर उड्या पडतात, तर इथे मालवणात मी फायली लावायला घेते. काम पुनर्विकासाचं. चाळ लालबागला, उपकरप्राप्त, १९४० पूर्वीची. विकासक, वास्तुविशारद, म्हाडा, सगळे तिकडे. भाडेकरूंचे गावाकडचे वारस मात्र माझ्या वाट्याला. मृत्यूचे दाखले, नावांची खातरजमा, सह्या. नालासोपारा, दिवा आणि बदलापूर अशा तीन टोकांना राहणारे भाऊ आज एकाच खळ्यात सापडतील. संध्याकाळी बॅगा भरल्या की संपलं.

सव्वाआठ

मसुऱ्यातलं घर. काकी चुलीपुढून उठल्या, दीर खुर्च्या घेऊन आले. मी कागद काढायच्या आत चहा आणि खाजा पुढ्यात.

भाडेपावती काकींच्या नवऱ्याच्या नावावर. तो गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा काही महिने गावी येऊन राहिला, मग परत जाऊन मिळेल ते काम करत राहिला आणि तिथेच वारला. तेव्हा खोलीत त्याच्याबरोबर धाकटा भाऊ, म्हणजे हेच दीर, होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो की भाडेकरू मेला तर हक्क आधी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा. तसं कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार. काकी त्या वेळी इथे सासऱ्यांचं अंथरूण आणि दोन वाफे भात सांभाळत होत्या. त्या खोलीतल्या दोघा भावांचा उकडा तांदूळ, कुळीथ, सोलं इथूनच जात. कायद्याच्या हिशेबी हे 'सोबत राहणं' नव्हे.

मी हक्कसोडपत्र समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाय, माझा नाव खय नाय. मगे माझी सही कित्याक व्हयी?"

याचं खरं उत्तर मला ठाऊक आहे. उद्या त्या कोर्टात गेल्या तर काम अडकेल, ही धास्ती. म्हणजे जिचा हक्क नाही असं आपण म्हणतो, तिच्याकडूनच तो सोडल्याचं लिहून घ्यायचं.

दीर काही लबाड माणूस नव्हे. आयुष्यभर त्यांनी चाळीच्या सामाईक संडासाच्या रांगेत सकाळी काढल्या, दर पावसाळ्यात गळक्या छपराखाली भांडी मांडली. खोली टिकली ती त्यांच्या राहण्यामुळे. पण ते तिथे निर्धास्त राहू शकले कारण इकडची म्हातारी माणसं काकींनी अंगावर घेतली होती. या घराचा एक पाय लालबागला होता आणि एक मसुऱ्यात. पुनर्विकासाच्या अर्जात मात्र रकाना एकच.

"वरळीक पाचशे फूट गावले, आमका तीनशेच कित्याक?" दिरांनी विषय बदलला. हा प्रश्न हल्ली प्रत्येक घरात येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या जागी ५००, आणि ते फोटो इथे वाडीवाडीत फिरले. मी सांगितलं, ती जमीन सरकारची, तुमची चाळ खाजगी मालकाची. विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ३३(७) खाली किमान ३०० चौरस फुटांची हमी, त्यावरचं सगळं विकासकाशी बोलून. त्यांना पटलं नाही. मलाही दरवेळी सांगताना ते पटतंच असं नाही.

हक्कसोडपत्र मी पिशवीत परत ठेवलं. नव्या करारात दोन नावं घालता येतील का, ते दोघं मिळून वकिलाला विचारा, एवढंच म्हणाले. हे माझ्या कामात बसत नाही.

साडेअकरा

मालवण कोर्ट. दोन घरांचे वारस दाखले. अजूनही ते कंपनी सरकारच्या काळातल्या, १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतात. पुढची तारीख.

दीड

बांगड्याचं तिखलं, भात. अर्धा तास फोन बंद.

तीन

आचऱ्याकडच्या एका गावाच्या देवळात बैठक. विषय गावच्या मंडळाची मुंबईतली खोली. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावातल्या तरण्या पोरांनी वर्गणी काढून घेतलेली. पाळीप्रमाणे झोपायचं, भिंतीला ट्रंका, जेवण खानावळीत. नवीन पोरगा बोटीतून उतरला की पहिली पथारी तिथेच. पावती कोणाच्या तरी नावावर फाडावी लागते म्हणून तेव्हाच्या चिटणिसांचं नाव घातलं. पात्रतेसाठी पाहतात १३ जून १९९६ ला भाडेकरू कोण होतं ते, आणि कागदावर तेच नाव आहे. चिटणीस वारले. नातू म्हणतो, आजोबांची खोली.

गावाकडे इतिवृत्ताची वही आहे, वाळवी लागलेली, पण वर्गणीचे आकडे वाचता येतात. तासभर आवाज चढत राहिले. नातू वाईट बोलला नाही, पण वहीला हातही लावला नाही. मी पानांचे फोटो काढले. माझ्या मते खोली गावाची आहे. माझ्या मताला म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात किंमत नाही, वहीला कदाचित असेल. तीनशे फुटांचं घर पूर्ण गावाचं कसं असावं, तिथे राहायचं कोणी आणि देखभालखर्च भरायचा कोणी, यावर मात्र कोणीच बोललं नाही.

सात

मुंबईच्या कार्यालयातून फोन.

"मसुऱ्याची सही झाली?"

"नाही."

"५१ टक्के संमती झालीये मॅडम. एवढी एक का अडवलीत?"

"अडवली नाही, मागितली नाही."

पलीकडून थोडं चढ्या आवाजात वेळापत्रक ऐकवण्यात आलं. ऐकून घेतलं. फायलीवर शेरा लिहिला: कुटुंबाची चर्चा सुरू.

साडेनऊ

कणकवली स्टेशनावरून काकींच्या दिरांचा फोन. मागे गाडीची घोषणा चालू होती, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते. वयनीच्या आधार कार्डावर माहेरचं नाव आहे, ते चालेल का?

म्हटलं, चालणार नाही. प्रतिज्ञापत्र करावं लागेल. सोमवारी त्यांना मालवणला पाठवा, रेशनकार्ड घेऊन.