नत्र-स्फुरदाची जोडी

रिठदला काय किंवा वाशीम जिल्ह्यातील दुसऱ्या एखाद्या गावाला काय, डीएपी खताच्या पोत्यावर ‘१८:४६’ हे आकडे तुम्ही पाहिलेच असतील. पहिला आकडा नत्राचा म्हणजे नायट्रोजनचा, दुसरा स्फुरदाचा म्हणजे फॉस्फरसचा. परंतु या खतात दोघांचे अणू एकमेकांना थेट जोडलेले नसतात. नायट्रोजन हायड्रोजनशी बांधलेला असतो आणि फॉस्फरस ऑक्सिजनशी. मग ते थेट जोडले तर?

ही जोडणी तुमचे शरीर रोजच करते. स्नायूंतील क्रिएटिनच्या नायट्रोजनवर एक वितंचक, म्हणजेच एन्झाइम, एटीपीच्या रेणूतील फॉस्फेट गट आणून बसवते आणि क्रिएटिन फॉस्फेट तयार होते. कबड्डीत चढाई करताना पहिल्या काही सेकंदांची शक्ती मुख्यतः हाच साठा पुरवतो. सायरस फिस्के आणि आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२७ मध्ये हा पदार्थ उजेडात आणला.

आता दुसरा रेणू पाहा. कापसावरील तुडतुडे व फुलकिडे मारणारे ॲसिफेट कारखान्यात बनते. त्यातही नायट्रोजन-फॉस्फरस बंध आहे. मग ते विषारी का? कारण त्या फॉस्फरसचे इतर शेजारी निराळे आहेत. कीटकाच्या शरीरात ॲसिफेटपासून अधिक तीव्र विष बनते. मज्जातंतूंचा संदेश पोहोचल्यावर तो पुसून टाकणारे एक वितंचक असते. विषातील गंधकाचा गट सुटतो आणि फॉस्फरस त्या वितंचकाला चिकटतो. संदेश पुसलाच जात नाही. कीटक थरथरून मरतो.

माणसातही हेच वितंचक आहे! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यात निरनिराळी औषधे व त्यांची मिश्रणे होती. त्यानंतर शासनाने वाशीमसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत ॲसिफेटही होते.

म्हणून घरी एवढे सांगाच: वाऱ्याकडे पाठ करून फवारावे, हातमोजे व तोंडावर मुखपट्टी बांधावी, औषधे मनाने मिसळू नयेत. लाळ सुटली, घाम फुटला, दृष्टी अंधुक झाली, तर कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि डबा सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. डब्यावरील नाव वाचून डॉक्टरांना ॲट्रोपिनसारखा योग्य उतारा चटकन देता येतो.

बंध तोच, पण एक रेणू बळ देतो, दुसरा जीव घेतो. अणूंचेही शेजारी पाहावे लागतात!