धाग्यातून चित्रात आलेले रंगशास्त्र

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात युरोपातील काही चित्रकारांनी माणूस, झाड, घर अशा ओळखीच्या वस्तू बाजूला ठेवून केवळ रेषा, चौकोन, वर्तुळ आणि शुद्ध रंग यांच्या आधारे चित्र उभे केले आणि त्यातून अमूर्त चित्रकलेची परंपरा रुजली. छायाप्रकाश दाखवण्यासाठी ज्यात काळा किंवा पांढरा मिसळलेला नाही आणि जो कोणत्याही वस्तूचा रंग म्हणून न येता स्वतःच्या बळावर उभा राहतो, तो येथे शुद्ध रंग समजावा. ही कला अनेकांना दुर्बोध वाटते. तथापि तिला आधार देणारे रंगशास्त्र मोठ्या प्रमाणात विणकामाच्या व्यवसायातून आलेले असल्यामुळे सांगलीलगतच्या माधवनगरसारख्या, मागांचा आवाज परिचित असलेल्या गावातील वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही.

पॅरिसमधील गोबेलाँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्याच्या रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे काळे धागे फिके दिसत असल्याची तक्रार आली होती. तपासाअंती त्यांच्या लक्षात आले की काळ्या रंगात दोष नसून तो शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे फिका भासत होता. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो, म्हणूनच लाल व हिरवा किंवा निळा व नारिंगी शेजारी आले की दोन्ही अधिक प्रखर दिसतात, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

या नियमावर रोबेर दलोने यांनी १९१२ मधील ‘खिडक्या’ ही चित्रमालिका उभारली, ज्यात खिडकीबाहेरचे पॅरिस रंगांच्या तुकड्यांत जवळजवळ विरघळून जाते. त्याआधी, १९११ मध्ये, त्यांच्या पत्नी सोनिया यांनी आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाचे रंगीत तुकडे जोडून एक गोधडी शिवली होती. युक्रेनमध्ये जन्मलेल्या सोनिया यांच्यासमोर तेव्हा तिकडच्या शेतकरी घरांतील गोधड्या होत्या. आज ती गोधडी पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात असून अमूर्त कलेच्या आरंभीच्या कृतींत तिची गणना होते.

इतरांचे मार्ग वेगळे होते. काझीमिर मालेविच यांनी डिसेंबर १९१५ मध्ये पेत्रोग्राड येथील प्रदर्शनात पांढऱ्या पृष्ठभूमीवरील काळा चौकोन दालनाच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे रशियन घरांत देवप्रतिमा ठेवतात त्या जागी, टांगला. वासिली कांडिन्स्की यांनी त्रिकोणाशी पिवळा, चौकोनाशी लाल आणि वर्तुळाशी निळा रंग जोडला, तर पीट मॉन्ड्रियन यांनी लाल, पिवळा, निळा आणि काळ्या-पांढऱ्याखेरीज सारे रंग हळूहळू वर्ज्य करून केवळ उभ्या-आडव्या रेषा ठेवल्या. ताण्या-बाण्यातून चौकडीचे कापड तयार होताना एका पट्टीची रुंदी बदलली तरी साऱ्या कापडाचा तोल बदलतो. मॉन्ड्रियन यांच्या चित्रांतही तोलाचा हाच प्रश्न मध्यवर्ती आहे.

हा विचार महाराष्ट्रातील चित्रकारांपर्यंत पोहोचण्यात पॉल क्ले यांचा वाटा मोठा आहे. दलोने यांचा प्रकाशावरील निबंध जर्मनमध्ये आणणारे क्ले पुढे बाऊहाऊस या जर्मन कलाशाळेत शिकवू लागले आणि तेथील विणकाम विभागातही त्यांनी आकार व रंग यांचे पाठ दिले. डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात भरलेल्या प्रदर्शनात त्यांची आणि कांडिन्स्की यांची चित्रे भारतीय प्रेक्षकांसमोर आली. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले आणि १९४८ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर क्ले यांच्या रेषेचा व आकारांचा प्रभाव स्पष्ट आहे. मात्र १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ओळखीचे आकार सोडले आणि रूळ व रंगसुरी वापरून थरावर थर चढवत एकाच रंगाच्या असंख्य छटांतून चित्र घडवले. नागपूर आणि मुंबई येथे शिकलेले सय्यद हैदर रझा यांनी उलट वाट धरली. पॅरिसमधील दीर्घ वास्तव्यात निसर्गचित्रांकडून ते बिंदू, त्रिकोण आणि चौकोन यांच्याकडे वळले.

एकाने रंग राखून भूमिती विरघळवली, दुसऱ्याने भूमितीच रंगाचे घर मानली. तरीही दोघांची चित्रे पाहताना ‘हे कशाचे चित्र आहे’ या प्रश्नाऐवजी ‘हा रंग शेजारच्या रंगाला काय करतो’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. लुगड्याचा काठ त्याच्या अंगाशी जुळतो की नाही हे क्षणात ओळखणाऱ्या नजरेपाशी त्या प्रश्नाच्या उत्तराची निम्मी तयारी आधीच असते. उरलेली निम्मी चित्रासमोर वेळ देऊन उभे राहिल्यानेच होते, आणि तेवढा वेळ देण्याची या चित्रांची योग्यता निश्चित आहे.