आधी ओळख, मग ब्रश

पोवळ्यांच्या टाकीत तपकिरी काही दिसलं, की बहुतेक जण दुकान गाठतात आणि शेवाळ मारायची बाटली घेऊन येतात. न्यू जर्सीतले माझे भावोजी तसं करत नाहीत. ते बाही वर करतात, पाण्यात हात घालतात आणि त्या तपकिरी गोष्टीचा चिमूटभर भाग दोन बोटांत चोळून बघतात. पुढचं सगळं त्या चिमटीवर ठरतं.

त्यांची मोठी टाकी 75 गॅलनची, म्हणजे साधारण 285 लिटरची. पाणी 25-26 अंशांवर, क्षारता हजारी 35. पोवळी समुद्रातून ओरबाडलेली नव्हेत, टाक्यांतच वाढवलेल्या वसाहतींचे तुकडे लावून केलेली. (आपल्याकडे हा हौशी मामला नाही. दगडी पोवळ्यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ती समुद्रातून काढणं गुन्हा आहे.) शेजारी भाचीसाठी नवी छोटी टाकी लावली आहे, आणि तिच्यातली वाळू सध्या तपकिरी झाली आहे.

"हात लाव," भावोजी म्हणाले. बोट फिरवलं तर भुकटी उडाली आणि खालची पांढरी वाळू दिसली. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, त्यामुळे नळाच्या पाण्यातून सिलिकेट आलं की त्यांचं फावतं. नव्या टाकीत ते येतात, काही आठवड्यांत जातात. इलाज एवढाच, की पाणी आरओ-डीआय गाळणीतूनच घ्यायचं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य बघायचं आणि धीर धरायचा.

मोठ्या टाकीत मागच्या कोपऱ्यात, जिथे प्रवाह मंद आहे तिथे, लालसर पापुद्रा होता. नळीने ओढला तर साय निघावी तसा अख्खा निघून आला. हे शेवाळच नव्हे. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. भावोजींनी पापुद्रा बादलीत ओढून घेतला आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं. औषध नाही.

खरी फसवणूक करतात ते डायनोफ्लॅजेलेट. तेही तपकिरी, पण शेंबडासारखे तारदार, टोकाला हवेचे बुडबुडे. दिवे लागले की वाढतात, रात्री विरळ होतात. काही जाती विषारी असतात; गोगलगायी पटापट मरायला लागल्या की संशय घ्यायचा. भावोजींची परीक्षा सोपी आहे. नमुना बाटलीत घेऊन जोरात हलवायचा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळायचा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवायचं. डायनो असतील तर सुटे झालेले जीव पुन्हा एकत्र येऊन तार धरतात. आणखी खात्री हवी असेल तर सूक्ष्मदर्शक. त्यात ऑस्ट्रिऑप्सिस हा थेंबाच्या आकाराचा जीव एका जागी गिरक्या घेताना दिसतो.

गंमत अशी, की अतिस्वच्छतेच्या हट्टापायी नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणलेल्या टाकीत हे डायनो अनेकदा माजतात. तिथे पाणी बदलून आणखी स्वच्छता केली तर रोग वाढतो. अशा वेळी भावोजी पाणी बदलणं थांबवतात आणि माशांचं खाणं थोडं वाढवतात. सायनो समजून उपाय करणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

हिरव्यातही भेद आहेत. केसाळ शेवाळ बोटांत लिबलिबीत लागतं आणि ओढलं की तुटतं. ब्रायॉप्सिसची पानं पिसासारखी दोन्ही बाजूंनी फुटलेली असतात. त्याला गोगलगायी फारशा तोंड लावत नाहीत. तिथे बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल कामाला येतं. व्हॅलोनियाचे हिरवे, चकचकीत फुगे मात्र बुडाशी पातं घालून अख्खेच सोडवायचे. एक फुगा म्हणजे एकच पेशी, आणि तो फुटला तर आतल्या द्रवातून नवे फुगे होऊ शकतात. केसाळ शेवाळावर भावोजी टूथब्रश चालवतात, पण दुसऱ्या हातात नळी धरून. सुटलेला धागा पाण्यात फिरू दिला तर तो दुसऱ्या दगडावर जाऊन बसतो.

एका थराला मात्र ते हात लावत नाहीत. दगडावरचा गुलाबी-जांभळा, खडूसारखा कडक थर. तेही शेवाळच, कोरलाइन. पाण्यातलं कॅल्शियम घेऊन ते दगडावर पसरतं, आणि जिथे ते बसतं तिथे केसाळ शेवाळाला जागा कमी उरते.

मग येते चाचणी. फॉस्फेट 0.03 ते 0.1 आणि नायट्रेट 2 ते 10 पीपीएमच्या दरम्यान असलं की ते समाधानी. "दगडावर जंगल आणि मीटरवर शून्य, असं झालं तर मीटर खोटं नसतं," ते म्हणाले. "फॉस्फेट शेवाळाने आधीच खाल्लेलं असतं." म्हणून ते आकडा आणि दगड दोन्ही बघतात. गोठवलेली मायसिस कोळंबी गाळणीत धुऊन तिचं पाणी सिंकमध्ये सोडतात, पाण्यातली घाण फेसात गोळा करणाऱ्या प्रोटीन स्किमरचा काळा पेला रिकामा करतात, आणि बाकीचं काम टर्बो गोगलगायी व पिवळ्या टँग माशावर सोपवतात.

या चरणाऱ्यांचं मोल कॅरिबियन समुद्राने दाखवून दिलं आहे. 1983 साली पनामाजवळ सुरू झालेल्या रोगाने वर्षभरात शेवाळ चरणारे, लांब काट्यांचे डायडेमा सी-अर्चिन नव्वद टक्क्यांहून अधिक मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे जास्त मासेमारीने आधीच घटले होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या प्रवाळभित्तींचा निम्मा भाग जिवंत पोवळ्यांनी झाकलेला होता; नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. जागा शेवाळाने घेतली.

म्हणून टाकी ठेवणाऱ्याला एवढंच सांगणं: शेवाळ शून्य करायच्या मागे लागू नका, ते शक्यही नाही आणि चांगलंही नाही. आधी चिमटीत धरून बघा, रात्री टॉर्च मारून बघा, मग चाचणी करा. बाटली शेवटी, तीही लागलीच तर.