पारा, भाव आणि पार

निफाडमध्ये हिवाळ्यात दिवसाची पहिली बातमी पाऱ्याची असते. जवळच्या कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथे नोंदलेलं किमान तापमान उजाडताच फोनवरून मळ्यामळ्यांत पोहोचतं. पारा फार उतरला तर द्राक्षाची फुगवण थांबते, तयार होत आलेले मणी तडकतात. मग बागेत शेकोट्या पेटतात, पहाटेच ठिबक सुरू होतं. शहरात थंडी हा गप्पांचा विषय असतो. इथे त्यावर वर्षाचं उत्पन्न ठरतं.

दुसरी बातमी कांद्याच्या भावाची. तालुक्यातल्या लासलगावची बाजार समिती 1947 पासूनची. लिलाव सुरू झाला की किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे बाहेर पडतात. जाणता शेतकरी कमाल भावावर भुलत नाही. तो भाव एखाद्याच चांगल्या ट्रॅक्टरला मिळालेला असू शकतो. विचारायची ती सरासरी. पूर्वी हा आकडा बाजारातून परतणाऱ्या गाडीवाल्याबरोबर गावात यायचा, आता लिलाव चालू असतानाच व्हॉट्सॲपवर येतो.

तरी पार आणि चहाची टपरी ओस पडलेली नाही. द्राक्षाचा नवा व्यापारी पैसे वेळेवर देतो का, हे फोनवर लिहायला कुणी धजत नाही. ते तोंडीच विचारलं जातं, आणि अनेकांची फसवणूक त्या एका प्रश्नाने टळते. दहावा, लग्न, बिबट्याचे ठसे, बंद पडलेली विजेची डीपी, सगळं तिथेच कळतं.