चलनाचा व्यवहार – लेखांक ११ : दहाची नोट की दहाचे नाणे?

छोटी नोट छापायला स्वस्त, पण ती टिकत नाही. नाणे पाडायला महाग, पण ते वीस-वीस वर्षे फिरते. कमी किमतीचे चलन कागदाचे असावे की धातूचे, हा वाद मुळात एवढ्या हिशेबाचा आहे. पाचशेची नोट पाकिटात जपली जाते. दहाची नोट मात्र भाजीवालीकडून कंडक्टरच्या पिशवीत, तिथून चहाच्या टपरीवर अशी दिवसभर हात बदलत राहते. ती घामाने भिजते, घडीवर विरते, मग कोणीतरी तिला चिकटपट्टी लावतो. अशी मळकी नोट परत घेऊन नष्ट करायची आणि तिच्या जागी नवी छापायची, हा खर्च रिझर्व्ह बँकेच्या गळ्यात कायमचा पडलेला असतो.

म्हणूनच एक, दोन आणि पाच रुपयांच्या नोटांची छपाई १९९४-९५ च्या सुमारास थांबवण्यात आली आणि त्यांची जागा नाण्यांना देण्यात आली. पाचाची नोट पुढे काही काळ पुन्हा छापावी लागली, कारण नाणी पुरेनात; पण दिशा बदलली नाही. या नोटा आजही कायदेशीर चलन आहेत. रुपयाची नोट तर जगावेगळी. ती थेट भारत सरकारची असते, तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, अर्थसचिवाची सही असते आणि कायद्याच्या लेखी ती नाणेच. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण भासू लागली तेव्हा, १९१७ साली, ती प्रथम निघाली. २०१५ मध्ये तिची छपाई पुन्हा सुरू झाली, पण बाजारात ती अभावानेच दिसते. शकुनाचा मान अजून रुपयाच्या नाण्यालाच आहे, कारण आहेराच्या पाकिटावर चिकटलेले असते ते नाणे.

नाण्यांचीही स्वतःची दुखणी आहेत. पाचाचे जुने नाणे तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे, नऊ ग्रॅमचे होते. धातूचा भाव चढला आणि नाण्यातला धातू त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा महाग ठरू लागला. साहजिकच नाणी वितळवली जाऊ लागली; बांगलादेशात चोरून नेऊन त्यांची दाढीची पाती बनवली जात असल्याच्या बातम्याही त्या काळात गाजल्या. सरकारने २००७ पासून पाचाचे नाणे सहा ग्रॅमवर आणले. रुपयाच्या नाण्याचे गणित आणखी अवघड. माहिती अधिकारात २०१८ साली समोर आलेल्या आकड्यांनुसार ते पाडायला १ रुपया ११ पैसे लागत होते, तर दहाच्या नाण्याला ५ रुपये ५४ पैसे. तरीही रुपयाचे नाणे तोट्याचे म्हणता येत नाही. एकदा पाडलेले नाणे हजारो व्यवहार पार पाडते, आणि तेवढ्या काळात कागदी रुपया कितीतरी वेळा नव्याने छापावा लागला असता.

खरी गोची झाली दहाच्या नाण्याची. ते २००९ मध्ये चलनात आले : बाहेर पिवळे कडे, आत पांढरी चकती, वजन ७.७१ ग्रॅम. २०११ मध्ये रुपयाचे नवे चिन्ह आले आणि आकड्यावरच्या किरणांची संख्या पंधरावरून दहा झाली. झाले, पंधरा किरणांचे नाणे खोटे, अशी अफवा पसरली. दुकानदार, रिक्षावाले ते घेईनात. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत.

सगळा दोष अफवेवर ढकलणे मात्र सोयीचे असले तरी खरे नाही. पाचशे रुपयांची दहाची नाणी जवळपास चारशे ग्रॅम भरतात. तेवढ्याच नोटा खिशात घडी करून मावतात. दोन्ही पर्याय समोर असतील तर माणूस हलका पर्याय उचलणारच. अमेरिकेने १९७९ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये डॉलरचे नवे नाणे आणले, पण कागदी डॉलर चालूच ठेवला. दोन्ही नाणी पडून राहिली. कॅनडाने १९८७ मध्ये डॉलरचे नाणे काढले, १९८९ मध्ये नोट बंद केली आणि नाणे रुळले. एक, दोन आणि पाच रुपयांबाबत भारताने कॅनडाची वाट धरली होती. दहाच्या वेळी मात्र अमेरिकेची. वीसचे बाराकोनी नाणे आले, तेव्हाही तेच. पुढे रिझर्व्ह बँकेच्याच २०२२ च्या पाहणीत लोकांनी दहा आणि वीससाठी नोटेला पसंती दिली, यात नवल काहीच नाही.

तळाच्या नाण्यांचा निकाल लोकांनी आधीच लावला आहे. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून कायद्याने बंद झाली. आठ आणे अजून वैध आहेत, दहा रुपयांपर्यंतच्या देण्यात ते नाकारता येत नाहीत. पण सुट्टे म्हणून कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. पैसा आता फक्त हिशेबात उरला आहे : पेट्रोलच्या दरात, बँकेच्या व्याजात, मोबाइलवरून केलेल्या भरण्यात. रोखीत रक्कम पूर्ण करूनच घेतली जाते. महावितरणच्या वीजबिलावर तर ‘पूर्णांक देयक’ असा रकानाच असतो आणि त्यात रक्कम दहाच्या पटीत येते. जिथे असा लेखी नियम नाही, तिथे रुपया-दोन रुपयांच्या जागी गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवले जाते. सुट्ट्यांच्या टंचाईचा भुर्दंड गिऱ्हाइकाने सोसावा, हे काही न्याय्य नाही.

तेव्हा आठ आण्यांचे नाणे रीतसर बंद करून रोखीतली रक्कम पूर्ण करण्याचा एकच नियम सर्वांना लावणे शहाणपणाचे ठरेल. दहाचे नाणे चालवायचे असेल तर आधी पुरेशी नाणी बाजारात उतरवून मग नोटेची छपाई थांबवावी लागेल. ते करायचे नसेल, तर दहाची नाणी पाडणे थांबवावे आणि नोट जास्त कशी टिकेल याकडे लक्ष द्यावे. दोन्ही चालू ठेवून खर्च मात्र दुहेरी होतो.